तेरवी झाली म्हणून शोक संपत नाही

अचलपूरहून शकुंतला रेल्वे ज्या मूर्तिजापूरला जायची, ते कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे यांचे जन्मगाव. त्यांच्या पत्नी कुसुमावती अमरावतीच्या. १९६१ साली त्या मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी गेल्या. दोघांची जुनी पत्रे अनिलांनी ‘कुसुमानिल’ नावाने प्रसिद्ध केली ती १९७२ मध्ये, अकरा वर्षांनी. आज कोणी असे केले तर सोयरे म्हणतील, अजून त्यातच आहे बिचारा!

ब्रिटनच्या ‘द क्युअर’ या बँडने २०२४ मध्ये सोळा वर्षांनी नवा अल्बम काढला. गायक रॉबर्ट स्मिथ यांनी दरम्यान आई, वडील आणि थोरला भाऊ गमावला होता. त्या मृत्यूंची सावली त्या गाण्यांवर आहे. आठवण धरून ठेवणे म्हणजे आजार नव्हे, हे दोन्ही उदाहरणांतून दिसते.

मग आजार कशाला म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत २०२२ पासून ‘दीर्घकालीन शोकविकार’ आहे. त्याला किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने प्रौढांसाठी वर्ष धरले. पण नुसती मुदत उलटली म्हणून निदान होत नाही. तीव्र ओढ किंवा वेदना जवळजवळ रोजची हवी, त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त हवी आणि तिने रोजचे जगणे कोलमडलेले हवे. वर्षश्राद्धाला डोळे भरून येणे यात बसत नाही.

लिहिले, गायले की दुःख हलके होते, हेही सरसकट खरे नाही. शोकात लिहून मन मोकळे केल्याने माणूस लवकर सावरतो, असे काही अभ्यासांत आढळले नाही. अनिलांनी पत्रे छापली ती काही औषध म्हणून नव्हे.

वऱ्हाडात खरी चूक उलटी होते. शेतकरी नवरा गेलेली बाई तेरवी उरकून निंदणाला जाते आणि गाव म्हणते, सावरली. तिला दुसरा पर्याय नसतो, हे कोणी बघत नाही. सहा महिन्यांनीही झोप नाही, जेवण उतरत नाही, लेकरांकडे लक्ष लागत नाही, तर तिला डॉक्टरकडे न्यावे. ‘मलाही जायचंय’ असे ती एकदा जरी म्हणाली, तर त्याच दिवशी न्यावे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलताही येते.