पोलिसी पिस्तुलाचे व्याकरण

वळसंगला राहणारे आमचे एक सहकारी सध्या एका खरेदीच्या विचारात आहेत, आणि त्यात त्यांनी आम्हांलाही ओढले आहे. वस्तू आहे एक जुने जर्मन पिस्तूल. सरांकडे परवाना आहे, अक्कलकोट रस्त्यापासून आत शेतात घर आहे, रात्री मोटारीचा पंप सुरू करायला एकट्याने जावे लागते, आणि गेल्या वर्षी केबल दोनदा चोरीला गेली. भीती खरी आहे. तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या भीतीतून निघालेला निष्कर्ष आम्हांला मान्य नाही, आणि तो शिक्षकांच्या खोलीत ज्या उत्साहाने उचलून धरला गेला तो तर मुळीच नाही. म्हणून हा लेख.

पिस्तूल 'वाल्थर पीपी' जातीचे आहे. यातील 'पीपी' म्हणजे जर्मन भाषेत 'पोलिसी पिस्तूल'. १९२९ मध्ये ते बाजारात आले आणि पुढे कित्येक दशके जर्मन पोलिसांच्या कमरेला राहिले. ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला '३२ बोअर' म्हणतात त्या मापाचे असल्याने ते सामान्य परवान्यावर बाळगता येते. एरवी पोलिसी म्हणून जे ९ मिलिमीटरचे पिस्तूल आपण ओळखतो, ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. तेव्हा 'पोलिसांचे पिस्तूल, आणि तेही कायदेशीर' हा या वस्तूचा पहिला मोह. सरांचे वाक्य असे : "पोलिसांनी वापरून पारखलेली वस्तू आहे. आपण वेगळे काय पारखणार?"

आम्ही दोघे मराठी शिकवतो. शस्त्रांचे आमचे ज्ञान पोवाड्यांपलीकडे जाणारे नव्हते, त्यामुळे आम्ही शिक्षकी मार्ग धरला. वस्तू प्रत्यक्ष पाहायची, तिच्याविषयी वाचायचे आणि जाणत्याला विचारायचे. सोलापुरात विक्रेत्यांच्या घरी आम्ही गेलो तेव्हा सरांच्या ओळखीचे एक निवृत्त फौजदारही सोबत होते. पिस्तूल रिकामे असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली. मग ते हातात तोलले, डाव्या बाजूचा छोटा खटका पाहिला आणि म्हणाले, "खटका वर आहे. म्हणजे बंद आहे." विक्रेते शांतपणे म्हणाले, "नाही साहेब. यात वर म्हणजे चालू."

आमच्या लेखी सगळा वाद इथेच संपायला हवा होता. फौजदारसाहेबांची चूक अज्ञानाची नव्हती, उलट ती उत्तम शिक्षणाची होती. त्यांनी नोकरीत हाताळलेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ब्राउनिंगच्या नमुन्यावर बनलेले. त्याचा खटका अंगठ्याने वर ढकलला की पिस्तूल बंद होते आणि खाली दाबला की चालू. वाल्थरमध्ये नेमके उलट. तिथे खटका पिस्तुलाच्या सरकत्या भागावर बसवलेला असतो. खाली केला की ते बंद होते, शिवाय उगारलेला घोडा आपोआप पडतो. वर केला की लाल ठिपका उघडा पडतो आणि पिस्तूल झाडायला मोकळे होते. अंगठ्याची एकच हालचाल एका पिस्तुलात 'थांब' म्हणते, तर दुसऱ्यात 'झाड'.

वाचकांपैकी जे भाषेचे विद्यार्थी आहेत त्यांना हा प्रकार परका वाटू नये. 'शिक्षा' या शब्दाने हिंदीत विद्या मिळते आणि मराठीत दंड. दोन्ही भाषा नित्य बोलणारा माणूस अडखळत नाही. पण घाईत, घाबरलेल्या अवस्थेत माणसाच्या तोंडून आधी मुरलेली भाषाच बाहेर पडते. वर्गात अशी चूक झाली तर हशा पिकतो आणि आपण शब्द मागे घेतो. झाडलेली गोळी मागे घेता येत नाही.

या यंत्राचे व्याकरण एवढ्यावर थांबत नाही. घोडा पडलेला असताना पहिल्या गोळीसाठी चाप लांब आणि जड ओढावा लागतो. ती सुटली की पुढच्या प्रत्येक गोळीसाठी तोच चाप आखूड आणि हलका होतो. म्हणजे एकाच वाक्यात दोन वृत्ते. घोड्याच्या वर एक बारीक खीळ असते. नळीत गोळी असली की ती किंचित बाहेर येते, आणि अंधारात बोटाने चाचपून कळावे अशी योजना आहे. योजना सुंदर आहे, पण तिचा अर्थ ठाऊक असलेल्या बोटासाठी. गोळ्यांची पेटी काढून घेतल्यावरही नळीत राहिलेली गोळी सुटू शकते; 'पेटी काढली, आता हे खेळणे' असे मानणाऱ्या घरात त्याचा अर्थ काय होईल हे सांगायला नको. सरांच्या घरी सातवीतला मुलगा आहे.

आता 'पोलिसांनी पारखलेले' या युक्तिवादाकडे वळू. पोलिसांनी ते पारखले हे खरे. पण पारखून पुढे काय केले? १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडानंतर पश्चिम जर्मनीत पोलिसांच्या शस्त्रांचा नव्याने विचार झाला. ७.६५ चे माप अपुरे ठरले, आणि ऐन वेळी अंगठ्याने चालू-बंद करावा लागणारा खटकाच नको, अशी मागणी पुढे आली. त्यातून ९ मिलिमीटरची तीन नवी पिस्तुले आली. त्यांतल्या एकाची, हेकलर अँड कॉखच्या 'पी७' ची, गंमत अशी की मूठ आवळली तरच ते झाडायला तयार होते आणि सैल सोडली की पुन्हा निर्धोक. तात्पर्य, ज्यांच्या नावाची ग्वाही देऊन ही वस्तू विकली जाते, त्यांनीच तिचा खटका आणि तिची गोळी दोन्ही मोडीत काढली. पोलिसाकडे शस्त्राबरोबर सराव असतो, वरिष्ठाची नजर असते आणि प्रत्येक गोळीचा हिशेब असतो. जुन्या बाजारात यांपैकी फक्त शस्त्र येते.

मग किंमत एवढी का? इथे सुरक्षेचा प्रश्न संपतो आणि प्रतिष्ठेचा सुरू होतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी पिस्तूल आयात करता येत नाही. जे पूर्वी देशात आले तेवढेच हातोहात फिरते; त्यामुळे जुन्या विलायती पिस्तुलाचे मोल त्याच्या वयाबरोबर वाढते. नवे ३२ बोअरचे शस्त्र सरकारी कारखान्यात मिळते. कानपूरने २०१४ मध्ये स्त्रियांच्या रक्षणाच्या नावाने 'निर्भीक' हे रिव्हॉल्व्हरही काढले. तरीही मन जर्मन पिस्तुलावर बसते, कारण ते रक्षणापेक्षा दाखवण्यासाठी हवे असते. शिक्षकांच्या खोलीतला उत्साहही याच जातीचा होता. कोणी विचारले नाही की सर सराव कुठे करणार, सर्वांनी विचारले, "आम्हांला कधी दाखवणार?"

शेवटचा आणि सर्वांत भारदस्त युक्तिवाद इतिहासाचा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केले, तेव्हा शस्त्र बाळगणे हा स्वाभिमान, असे एका सहकाऱ्यांनी ऐकवले. सोलापूरकराला हा मुद्दा भिडतो. १९३० च्या मार्शल लॉचा आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांचा हा जिल्हा आहे. त्याच वर्षी जुलैत वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने सोलापूरच्या दडपशाहीचा सूड म्हणून हंगामी गव्हर्नर हॉटसनवर फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गोळ्या झाडल्या. त्या तरुणाच्या धैर्याविषयी आम्हांला शंका नाही. पण परक्या सत्तेविरुद्धचे ते कृत्य आणि केबलचोराच्या भीतीने घेतलेले पिस्तूल यांना एका माळेत ओवणे हा इतिहासाचा गैरवापर आहे.

आणि इतिहासच आणायचा तर पुरता आणावा. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता, हे खरे. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्याच्या दोघांनी ग्वाल्हेरला जाऊन एक वापरलेले बेरेटा पिस्तूल मिळवले होते. त्याने दोन दिवसांत काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. परवान्याच्या कायद्याला पुन्हा इंग्रजी वारसा म्हणण्यापूर्वी हे वर्ष आठवावे.

वळसंगपुरते सांगायचे तर या गावात १९३७ मधील डॉ. आंबेडकरांच्या भेटीची आठवण एका विहिरीशी जोडलेली आहे. पाणी ज्यांना नाकारले गेले होते त्यांच्यासाठी त्या विहिरीचे पाणी म्हणजे अभयाचा अर्थ होता. ज्यांना गावात खरोखर भय होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे भय, त्यांच्या सुटकेची खूण म्हणून गावाने पाण्याची जागा जपली आहे, शस्त्र नव्हे. हे सरांना आम्ही सांगितले तेव्हा ते जरा चिडले. "मला भाषण नको, उपाय सांगा," म्हणाले.

रागात तथ्य होते, म्हणून उपायही लिहितो. पंपाला स्वयंचलित स्टार्टर बसवावा. रात्रीची फेरी टळते. केबल जमिनीखालून घ्यावी. शेजारच्या वस्त्यांवरच्या चार घरांनी एकमेकांचे फोन जवळ ठेवावेत आणि पाळीने जागावे. एवढे करूनही शस्त्र घ्यायचेच असेल, तर ज्याचा खटका शिकवणाऱ्याच्या सवयीशी भांडणार नाही असे घ्यावे, आधी शिकावे आणि मग घ्यावे. प्रशिक्षणाची अट २०१६ च्या नियमांतही आहे. आपण तिला कागद समजतो, एवढेच.

आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की शब्द वापरण्यापूर्वी त्याचा अर्थ माहीत करून घ्या. हाच नियम सहकाऱ्याला सांगायला आम्ही का कचरलो, याचे उत्तर आम्हांला अजून सापडलेले नाही. सरांनी विसार दिलेला नाही. हा लेख छापून त्यांना देणार आहोत.