कोरलेल्या अक्षरात रंग भरा

गेल्या वैशाखात एक आजी दुकानात आल्या आणि पिशवीतून नावाची पाटी काढून काउंटरवर ठेवली. सागवानी, बारा इंच बाय सहा, लेझरनं कोरलेली. दोन वर्षांपूर्वी मीच करून दिली होती. "बाळ, नाव कुठं दिसतंय ह्यात? गॅसवाला दर वेळी शेजारणीची बेल वाजवतोय." मी पाटी दारात उजेडाला धरली. बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती, डोळ्यांना नाही.

चूक माझी होती. कोरताना अक्षरं जळून काळी होतात आणि त्या काळेपणालाच मी रंग समजत होते. ती नुसती काजळी. फडक्यानं पुसली जाते, पावसाच्या झडीनं धुऊन जाते. मग खाचेत धूळ बसते, वरचं सागवान उन्हानं रापतं आणि तपकिरीवर तपकिरी एवढंच उरतं. तरी आज बाजारात बहुतेक लेझरच्या पाट्या अशाच विकल्या जातात. त्याला ‘नॅचरल लुक’ म्हणतात. मी त्याला अर्धं काम म्हणते.

माझे वडील साइनबोर्ड पेंटर. ज्या कोल्हापूरनं बाबूराव मेस्त्रींना बाबूराव पेंटर केलं, त्या गावात पेंटर हा शब्द मानानं घेतात. बोर्ड लिहून झाला की आप्पा रस्ता ओलांडून पलीकडच्या पानपट्टीपाशी उभे राहायचे. तिथून नाव वाचता आलं तरच ब्रश धुवायला घ्यायचे. आजींची पाटी हातात घेतली तेव्हा मला ती पानपट्टी आठवली.

आधी मी खाचेत ऑइलपेंट भरून पाहिला. लाकडाच्या रेषा म्हणजे बारीक नळ्याच, त्या पातळ रंग ओढून घेतात. ‘न’चा उभा दंड दोन्ही बाजूंनी फुटला, शाई फुटल्यासारखा. अ‍ॅक्रिलिकचंही तेच झालं. मग शिरोलीच्या एमआयडीसीत ग्रिलला पावडर कोटिंग करणाऱ्या एका शेडमधून अर्धा किलो पांढरी पावडर आणली. ही पावडर म्हणजे राळ आणि रंगद्रव्य एकजीव करून मैद्यासारखं दळलेलं. कारखान्यात ती विजेच्या भारानं लोखंडावर चिकटवतात आणि भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं भाजतात. ती वितळते, पसरते आणि मग कायमची घट्ट होते. कोरडी असल्यामुळे लाकूड तिला ओढून घेत नाही. मला हवं होतं ते एवढंच.

पण लाकूड म्हणजे लोखंड नव्हे. पहिल्या पाटीवर रंगाला फोड आले, कारण लाकडातल्या ओलीची वाफ झाली. आता फळी आधी नीट सुकवते. मग सँडिंग सीलरचे दोन हात देते, नाहीतर सागवानाच्या उघड्या छिद्रांत पावडर शिरते आणि अक्षराभोवती खसखस सांडल्यासारखी दिसते. त्यावर मास्किंग टेप लावून टेपसकट कोरते. खाचेतली काजळी टूथब्रशनं काढते. ती राहिली तर पांढरा राखाडी होतो. मग पावडर भरायची, जुन्या एटीएम कार्डानं वरची निपटायची, टेप हलक्या हातानं सोलायची आणि हीटगन लावायची. वितळल्यावर पावडर खाली बसते, म्हणून दुसऱ्यांदा भरावी लागते.

हीटगनमध्ये खरी मेख आहे. तिच्या वाऱ्यानं सगळ्यात आधी अनुस्वार उडतो. मी ‘शिंदे’ करायला घेतलं आणि ‘शिदे’ झालं. इंग्रजीची जाड अक्षरं सहज निभावतात. आपल्याला रफार आहे, उकाराची शेपटी आहे, ‘कृ’चा आकडा आहे. त्यामुळे आधी गन वीतभर लांब धरून, वारा कमीत कमी ठेवून पावडर नुसती ओली दिसेपर्यंत तापवायची. ती धरून बसली की मगच जवळ जायचं आणि गन हलती ठेवायची, नाहीतर कडा करपतात. चकाकी आली की काम झालं असं वाटतं, तिथेच बरेच जण थांबतात. नुसती वितळलेली पावडर ठिसूळ असते, नखानं टवका उडतो. मी गार झाल्यावर थिनरचा बोळा घासते. बोळ्याला रंग लागला तर पाटी पुन्हा गनखाली.

आणखी दोन गोष्टी मी ठेच लागून शिकले. दाराबाहेर लावायच्या पाटीला पॉलिएस्टर पावडरच हवी. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. आणि या पावडरी एकमेकींत मिसळत नाहीत. आप्पा करवंटीत लाल-पिवळा कालवून हवा तो नारिंगी काढायचे. मी तसं केलं तर लाल आणि पिवळे ठिपके शेजारी शेजारी बसून राहिले. प्रत्येक छटेची वेगळी पुडी घ्यावी लागते. आप्पांच्या हातातलं हे एक कसब या पावडरीत नाही, त्याची हळहळ मला वाटते.

हे सगळं कारखानी आहे, यात कला कुठली, असं एका सुतारकाकांनी मला ऐकवलं. मला ते पटत नाही. सावंतवाडीला लाकडावर लाख चढवताना पाहा. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणानं लाख वितळते आणि अंगाला बसते. कोरडा रंग उष्णतेनं लाकडावर उतरवणं आपल्याकडे जुनंच आहे. आणि मशीनचं म्हणाल, तर माझ्या मशीनमधल्या नळीत कार्बन डायऑक्साइड लेझर आहे. तो 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. ते 1938 साली बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. या मशीनला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझी तक्रार शिकवण्याबद्दल आहे. मशीन विकणारे दोन तासांत सॉफ्टवेअर दाखवून जातात. कर्ज काढून मशीन घेतलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना पॉवर आणि स्पीडचे आकडे पाठ असतात, पण कुठल्या लाकडावर कुठला रंग उठून दिसेल हे कुणी सांगितलेलं नसतं. पावडर उडते तेव्हा नाकाला चांगला मास्क हवा, खिडकी उघडी हवी, घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये पाटी भाजायची नाही, हेही नाही. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात सुतार आहे, खेळणी करणारा आहे. बोर्ड लिहिणारा पेंटर नाही. 2022 मध्ये आपल्या राज्यानं दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत असा नियम केला, तो मला मनापासून आवडला. पण अक्षर मोठं करूनही ते लाकडात विरून जात असेल तर मराठी दिसणार कशी? आज ज्यांच्या हाताला काम नाही, त्या जुन्या पेंटरांना आयटीआयमध्ये बोलवा आणि लेझर शिकणाऱ्या पोरांसमोर उभं करा. अंतर, जाडी, रंगसंगती त्यांच्या डोळ्यांत आहे.

रंग भरायला मला एका पाटीमागे सव्वा तास जास्त लागतो. त्याचे अडीचशे रुपये मी वेगळे घेते आणि मागताना संकोच करत नाही. आजींची पाटी मात्र फुकट केली. सगळं खरवडून, पुन्हा खोल कोरून, पांढऱ्यानं भरून.

तुम्ही पाटी घ्यायला गेलात तर पैसे देण्याआधी अक्षरावरून नख ओढून बघा. मग दुकानदाराला ती हातात धरायला सांगा आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन वाचा. वाचता आली नाही तर घेऊ नका, माझ्या दुकानातली असली तरी.