थर्माकोलचा खोका

गेल्या शनिवारी लिंबागणेशहून बीडला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरलं की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो. तिथे रस्त्याच्या कडेला एक मावशी पोतं अंथरून मासे विकत बसल्या होत्या. शेजारी थर्माकोलचा खोका, एक कोपरा तुटलेला. रोहूचा भाव विचारला.

"आता दोनशे. दुपारून आला असता तर शंभरला बी दिला असता."

"का बरं?"

"बर्फ इरघळला की मासा थांबतो व्हय, लेकरा?"

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून गेलं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. उघड्यावरचा मासा काही तासांत उतरतो. तोच पकडल्याबरोबर नीट बर्फात ठेवला तर आठवडाभर सहज टिकतो. उष्ण हवेत किलोला किलोभर बर्फ, हा ढोबळ हिशोब. पेटी गळकी असेल तर त्याहून जास्त. म्हणजे चांगली पेटी असली तरच विकणारी बाई "नको तर राहू द्या" असं म्हणू शकते. नाहीतर दुपार झाली की भाव गिऱ्हाईकच ठरवतं!

आता मच्छीमारांना मदत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? होडी आणि जाळं. दोन्ही सहसा पुरुषाच्या हातात. पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई हिशोबातच नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो की जगभरात छोट्या मासेमारीवर राबणाऱ्या दर १० जणांत ४ बायका आहेत.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. त्यात बर्फाच्या पेटीसह सायकलीचा खर्च १० हजार आणि मोटरसायकलीचा ७५ हजार धरला होता. खुल्या गटातल्या पुरुषाला ४० टक्के अनुदान, बाईला ६० टक्के. कागदावर उत्तम! पण या मावशींना मोटरसायकल येत नाही, आणि पेटी लादलेली सायकल मांजरसुंब्याच्या घाटात चढवून दाखवा बरं. मग होतं काय, की अर्जाला बाईचं नाव आणि चालवायला पोरगा. पोरगा पुण्याला कामाला गेला की गाडीही पुण्याला.

आमच्या धंद्यात वापरणाऱ्याला न विचारता बनवलेली सॉफ्टवेअरं ढिगाने पडून असतात. म्हणून मावशींना सरळ विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? उत्तर तयार होतं. दोघींना उचलता येईल अशी, घट्ट झाकणाची पेटी. सकाळी तलावावरच बर्फ. आणि डोक्यावर सावली. बास.

माझा एक मित्र म्हणाला, "अरे, पेट्या वाटल्या तर घरी ज्वारी भरून ठेवतील." ठेवतीलही. बर्फच मिळणार नसेल तर दुसरं काय भरणार? म्हणून नुसती पेटी वाटून भागणार नाही. तलावाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिथेच बर्फाची सोय हवी. आणि विकणाऱ्या बायका त्या संस्थेच्या सभासद हव्यात, म्हणजे काय घ्यायचं ते त्यांच्यासमोर ठरेल.

बायकांना तलावातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर भंडारा-गोंदियाकडे बघा. तिथल्या ढिवर समाजाच्या बायकांनी मामा तलावांतली बेशरम उपटून काढली, गाळात पाणवनस्पती लावल्या, आणि माशांना अंडी घालायला जागा झाली. अवजारं साधीच होती, पण निर्णय त्यांचा होता.

असो. मी दोन किलो रोहू घेतला, दोनशेच्याच भावाने. घासाघीस करायची हिंमत झाली नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते आणि खोक्यातून पाणी गळायला लागलं होतं.