तारीख कळवण्याआधी

शव्वालचा चाँद दिसला की आपल्या फोनवर आधी ईदच्या शुभेच्छा येतात आणि त्यांच्या मागोमाग 'सेव्ह द डेट'. रमजानभर थांबलेली लग्नं एकदम वाटेला लागतात. गुलाबी फुलं, सोनेरी अक्षरं, मागे एखादं गाणं, मधोमध मुला-मुलीचा फोटो आणि खाली तारीख. पत्रिका नंतर येईलच, तोवर हा दिवस मोकळा ठेवा, एवढाच निरोप. यंदाही अशी कार्डं तुम्हाला आली असतील. तुमच्यापैकी काहींनी ती स्वतः बनवलीही असतील, कारण घरात ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्याकडे हे काम आपोआप येतं.

आमच्या घरात ते माझ्याकडे आलं होतं. २०२३ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं कार्ड मी बनवलं आणि मीच पाठवलं. त्यात माझ्याकडून जी चूक झाली ती इथे लिहितो आहे, कारण ती फक्त माझ्या घरची नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. जानेवारीत घरी तारीख ठरवायची बैठक झाली. दोन्हीकडचे मिळून सात पुरुष दिवाणखान्यात, बायका आत. मी लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट बनवली होती. कुणाला कधी जमत नाही, ते एकेका ओळीत. रमजान २४ मार्चच्या आसपास सुरू होणार, ईद २२ एप्रिलच्या आसपास. चाँद एक दिवस मागे-पुढे झाला तरी अडचण नको म्हणून आठवडाभर सोडून द्यायचा. २१ मेच्या सुमारास जिल्काद लागणार. दोन ईदांच्या मधला हा महिना आमच्याकडच्या बायका 'खाली'चा महिना म्हणतात आणि त्यात लग्न धरत नाहीत. चाचा दुबईला, त्यांची सुट्टी मेमध्ये. मामांच्या मुलाची बारावी मार्चमध्ये संपणार. हॉल १४ मेच्या रविवारी मोकळा. सगळं गणित जुळलं. शीटमध्ये अकरा ओळी होत्या आणि अकराही ओळी हिरव्या झाल्या. अब्बांनी माझी पाठ थोपटली.

त्या अकरा ओळींत बहिणीची ओळ नव्हती. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन दिवसांत मी कार्ड बनवलं. फोटोसाठी तिच्याच फोनमधला ईदचा फोटो मागवून घेतला, कशाला ते सांगितलं नाही, म्हटलं सरप्राइज देऊ. शुक्रवारी रात्री बसून २१२ घरांना पाठवलं. पहाटेपर्यंत 'माशाअल्लाह' आणि 'मुबारक'चे मेसेज येत होते. फॅमिली ग्रुपवर बहिणीचा फक्त एक अंगठा आला. मला वाटलं, लाजली असेल.

रविवारी तिचा फोन आला. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "भाई, मेरी शादीकी तारीख मेरेकूबी व्हॉट्सॲपपेच मालूम पडी."

ती बी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. शेवटच्या सत्राची परीक्षा मे महिन्याच्या मधल्या दोन आठवड्यांत होती. जूनमध्ये शाळा उघडताना एका शाळेत तिला घेणार होते, परीक्षा दिलेली असण्याच्या अटीवर. हे तिनं अम्मीला बैठकीच्याच दिवशी आत स्वयंपाकघरात सांगितलं होतं. अम्मी म्हणाली, "मोठ्यांचं ठरतंय, आता मध्ये बोलू नकोस." दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता. पलीकडे मी अकरा जणांच्या अडचणी टाइप करत होतो.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांत जास्त भांडणं तारखेवरून होतात. विक्रीवाला साहेब क्लायंटकडे जातो आणि टीमला न विचारता सांगून येतो, अमुक तारखेला देतो. एकदा तारीख बाहेर गेली की ती आपल्या हातात राहत नाही. मग टीमनं 'जमणार नाही' म्हटलं तर तो टीमचा आळस ठरतो. कुणी विचारत नाही की तारीख देताना काम करणाऱ्याला विचारलं होतं का. ऑफिसात मी अशा साहेबांवर दहा वर्षं चिडत आलो. घरी मी तोच साहेब झालो होतो.

आता निकाहकडे बघा. निकाह हा करार आहे, हे आपण अभिमानानं सांगतो. ईजाब आणि कबूल झाल्याशिवाय तो होत नाही. वकील आणि दोन साक्षीदार आत जाऊन मुलीला विचारतात, ती हो म्हणते, निकाहनाम्यावर सही करते. हदीसच्या संग्रहांत खन्सा बिन्त खिदाम यांचा प्रसंग आहे. त्या आधी विवाह झालेल्या बाई होत्या. वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध त्यांचा निकाह लावून दिला, त्या पैगंबरांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवला गेला. इस्लामनं स्त्रीला नकाराचा हक्क दिला, हे व्याख्यानात सांगताना आपण हा दाखला देतो. बरोबरच आहे.

पण आपल्या घरात हा हक्क कोणत्या वेळी विचारला जातो? बाहेर चारशे माणसं बसलेली आहेत. बिर्याणीच्या देगा उतरल्या आहेत. दुबईहून चाचा आले आहेत. मुलगी पहाटेपासून नटून बसली आहे. अशा वेळी तिघे जण येऊन विचारतात, "कबूल है?" त्या क्षणी 'नाही' म्हणणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे का? ती गप्प राहिली तरी तो होकार धरतात. त्या क्षणी फक्त सही होते. निर्णय त्याआधी कधीतरी होऊन गेलेला असतो आणि आजच्या काळात तो सेव्ह द डेट पाठवण्याच्या क्षणी होतो. २१२ घरांना तारीख गेली की मुलीच्या 'नाही'ची किंमत वाढते. 'आत्ता नको' म्हणायचीसुद्धा.

ही किंमत आम्ही मोजून पाहिली. अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेपर नंतर देता येणार नाही का?" येणार होता, पण वर्ष गेलं असतं आणि शाळाही गेली असती. शेवटी मी मुलाला फोन केला. तो कोल्हापूरला नोकरीला. तो हसला आणि म्हणाला, "भाईजान, तारीख मलाही अब्बांनीच सांगितली. विचारलं कुणी नाही." म्हणजे माझ्या शीटमध्ये दोन ओळी कमी होत्या. ज्यांचं लग्न, त्यांच्याच.

मोकळा रविवार मिळाला तो ११ जूनचा. हॉलच्या ॲडव्हान्समधले काही पैसे बुडाले. चाचांना तिकिटाची तारीख बदलायला दंड भरावा लागला आणि त्यांनी तो दोन वर्षं बोलून दाखवला. शिवाय ११ जून 'खाली'च्या महिन्यात. फुफूंनी विरोध केला. मशिदीतल्या मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, असा कोणताही महिना मनहूस नाही, सफरचे 'तेरा तेजी'चे तेरा दिवससुद्धा नाहीत, निकाह कधीही करा. बहिणीच्या परीक्षेमुळे आमच्या घरातली एक जुनी भीती गेली, हा फायदा शीटमध्ये लिहिलेला नव्हता.

पैशापेक्षा जास्त जे सोसावं लागलं ते वेगळंच होतं. नवी तारीख कळवली त्या दिवसापासून फोन सुरू झाले. "काय झालं? मुलीकडून काही प्रॉब्लेम आहे का?" "तिचं दुसरीकडे काही आहे का?" मुलाकडच्या गावी अशी चर्चा झाली की लग्न मोडल्यातच जमा आहे. एका मुलीनं परीक्षा द्यायची म्हटल्यावर तिच्या चारित्र्यावर बोललं गेलं, फक्त एवढ्यासाठी की तिच्या भावानं आधी कार्ड पाठवलं आणि विचारलं नंतर. कार्ड पाठवलं नसतं, तर बोलायला कुणाकडे काही नसतं.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. खरं आहे, कार्ड बदललं. अब्बांच्या पेटीत जुनी उर्दू लग्नपत्रिका आहे. तिच्यात मुलाचं नाव आहे, दोन्ही वडिलांची नावं आहेत, खाली 'चश्म-ब-राह' म्हणून डझनभर काका-मामांची नावं आहेत. मुलीच्या जागी 'दुख्तर-ए-नेक-अख्तर', म्हणजे सुदैवी कन्या, एवढंच. अम्मीचं नाव तिच्या स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत नाही. आज आपण नाव घालतो, फोटो घालतो, दोघांच्या नावांचा हॅशटॅग बनवतो. त्यामुळे आपल्याला वाटतं आपण पुढे आलो. पण नाव गाळून विचारलं नव्हतं, आणि फोटो लावूनही विचारलं नाही, तर फरक छपाईत पडला, वागण्यात नाही. मी तर तिचा फोटो तिच्याकडूनच घेतला आणि तो कशासाठी ते लपवलं. त्याला मी सरप्राइज म्हणत होतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तारीख जाहीर होण्यानं माणूस कसा अडकतो, हे आपल्या कायद्यातही दिसतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. घरच्यांचा विरोध असलेल्या सज्ञान जोडप्यासाठी ही नोटीस धोक्याची ठरते. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं, नोटीस जाहीर करायची की नाही हे त्या जोडप्यानं ठरवावं, असा निकाल दिला. या नोटिशीविरुद्ध आपण बोलतो, कारण दोन सज्ञान माणसांची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय चारचौघांत लावू नये, असं आपल्याला वाटतं. मग हाच नियम आपल्या घरातल्या २१२ फोनना का नको? सरकारी फलकावर लावलेली तारीख आणि फॅमिली ग्रुपवर टाकलेली तारीख, दोन्हींत ज्याचं लग्न त्याची परवानगी आधी लागते.

तारीख आधी कळवू नका, असं मी म्हणत नाही. ती कळवायलाच हवी. आखातातल्या माणसाला वर्षातून एकदा सुट्टी मिळते. नर्सला ड्यूटी बदलून घ्यावी लागते. रोजंदारीवरच्या नातेवाइकाला एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी. अशांना चार महिने आधी निरोप मिळणं हा त्यांचा मान आहे. फुफूंकडे साधा फोन आहे, माझं कार्ड त्यांना मिळालंच नव्हतं. तारीख त्यांना शेजारणीकडून कळली आणि 'खाली'च्या वादाआधी त्यांचा खरा राग तो होता. तेव्हा कार्ड कुणाला जाईल आणि कुणाकडे स्वतः जावं लागेल, ही यादीही नीट करायला हवी. पण ती दुसऱ्या क्रमांकाची यादी. पहिल्या यादीत दोनच नावं असतात.

तुमच्यापैकी पुष्कळ जण आज घरातले 'कॉम्प्युटरवाले' आहेत. मोठ्यांच्या बैठकीत तुम्हाला मत नसेल, पण पाठवायचं बटण तुमच्या बोटाखाली आहे. ही लहान सत्ता नाही. बैठक संपल्यावर आत जा. बहिणीला एकटीला गाठा, अम्मी आणि फुफूंच्या समोर नाही. तारीख सांगा आणि विचारा, जमते का, काही अडतंय का, अजून वेळ हवा आहे का. पोराकडचे असाल तर पोरालाही विचारा. तोही बऱ्याचदा गप्प बसलेला असतो. ती काही बोलली नाही तर तो होकार समजू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि ती 'नको' म्हणाली, तर तिच्या वतीनं दिवाणखान्यात बोला. तिनं पडद्याआडून बोललेलं ऐकू जात नाही, तुमचं जातं.

दुसरं कार्ड मी साधं केलं. फुलं नाहीत, गाणं नाही. पाठवण्याआधी बहिणीला दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या करून परत पाठवलं. एक म्हणजे तिच्या नावाचं स्पेलिंग, जे पहिल्या कार्डात मी चुकवलं होतं आणि २१२ घरांत तसंच गेलं होतं. दुसरी, अब्बांच्या नावाशेजारी अम्मीचं नाव. खाली लिहिलं होतं, "आता पाठव." परीक्षा झाली, ११ जूनला निकाह झाला आणि चार दिवसांनी ती शाळेत रुजू झाली.

यंदाचं कार्ड तयार झालं असेल, तर ते आधी तिला पाठवा. "पाठवू का?" एवढंच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.