आमची कोठेही शाखा नाही

पुण्याच्या पाट्यांवर ज्यांनी ज्यांनी विनोद केले, त्या सर्वांनी एका पाटीवर जरा जास्तच तोंडसुख घेतलं आहे. 'आमची कोठेही शाखा नाही.' यात म्हणे पुणेरी दुकानदाराचा आळस, अहंकार आणि धंद्याचं अज्ञान एकवटलेलं आहे. मला विचाराल तर व्यापारावर याहून शहाणं वाक्य मराठीत कोणी लिहिलेलं नाही. आणि ते पुसून टाकायला निघालेली मंडळी आता सिंहगड रस्त्याने थेट आमच्या खडकवासल्यापर्यंत येऊन ठेपली आहेत. चहाची दुकानं घेऊन!

अमृततुल्य म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी तो धंदा इथे रुजवला. ओट्यावर मांडी घालून बसलेला मालक, पुढ्यात पितळी पातेलं, खलबत्त्यात आलं-वेलदोडा, आणि गाळायला फडकं. मालकाचं घरी बिनसलं असेल तर त्या दिवशी आलं जरा जास्त ठेचलं जायचं आणि ते आपल्याला घशाशी कळायचं. चहाला स्वभाव होता. शाखा काढायची तर तो मालकच दोन ठिकाणी बसवायला हवा, आणि ते त्याच्या बायकोलाही जमलेलं नव्हतं.

आता मसाल्याची पुडी मोजून, बांधून, कंपनीकडून येते. हात कोणाचाही चालतो. जाहिरातीत हे मोठ्या अभिमानाने सांगतात! अहो, हात कोणाचाही चालतो तर मग दुकानदाराचं त्यात उरलं काय? भाडं त्याचं, वीजबिल त्याचं, बुडाला तर तोही तोच.

आमच्या शेजारचे नाना धरणाखालच्या जलसंशोधन केंद्रातून निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे हातात आले न आले तोच असल्याच एका कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदाची पुस्तिका घेऊन ओसरीवर हजर झाला. "लवकरच परदेशीसुद्धा शाखा," असं तिच्यावर छापलेलं. नाना ते तीनदा वाचून दाखवत होते. परदेशी शाखा निघाली म्हणून खडकवासल्यात चहा खपेल, हा तर्क त्यांना कुठून सुचला कोण जाणे!

मी त्यांना कोरियाची गोष्ट सांगितली. सोलमध्ये २००८ साली 'कॅफे बेने' नावाची कॉफीची दुकानं निघाली. काढणारा गृहस्थ त्याआधी डुकराच्या हाडांच्या रश्श्याच्या खानावळींची साखळी चालवायचा, पण नाव ठेवलं इटालियन. टीव्हीच्या मालिकांतून नटनट्या त्याच दुकानात बसून प्रेमभंग करून घेऊ लागल्या. चार-पाच वर्षांत दुकानं शेकड्यांनी झाली, आणि २०१२ साली तर स्वारी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरात. तिथे अमेरिकनांना कॉफीबरोबर काय पाजलं माहीत आहे? भाजलेल्या धान्यांचं पीठ दुधात कालवून. म्हणजे आपलं सातूचं पीठ! एवढ्यापुरता माझा त्यांना नमस्कार. पण २०१८ च्या जानेवारीत हीच कंपनी कर्जाखाली दबून, आम्हाला वाचवा म्हणून कोर्टाच्या दारात उभी होती.

"मग ते स्टारबक्सवाले कसे टिकले?" नानांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. ते २०१२ च्या ऑक्टोबरात मुंबईत हॉर्निमन सर्कलला आले, ते टाटांना भागीदार घेऊन. इथली दुकानं ही भागीदारीच चालवते, कुणा नानांच्या फंडावर नव्हे. तोटा झाला तर त्यांचा त्यांना. उलट पुस्तिकावाल्यांचा माल चहा नसतोच मुळी. त्यांचा माल म्हणजे दुकान. अनामत, पाटी, टेबलं, यंत्रं यांचे पैसे दुकान उघडतानाच वसूल. चहा पिणारा हे नानांचं गिऱ्हाईक, आणि कंपनीचं गिऱ्हाईक नाना. नवे नाना मिळेनासे झाले की मग कोर्ट.

गंमत म्हणजे हे मी कोणाला सांगत होतो? ज्या केंद्रात धरण बांधण्याआधी त्याची छोटी प्रतिकृती करून, तिच्यावर पाणी सोडून बघतात, तिथे उभा जन्म काढलेल्या माणसाला! पुरं काम होण्याआधी पाणी साठलं की काय होतं, हे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पाठोपाठ खडकवासलाही गेलं, तेव्हापासून इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे.

नाना शांतपणे म्हणाले, "शाखा नसलेल्या तुमच्या त्या दुकानात माझ्या मुलाला नोकरी आहे का?"

नव्हती. त्यावर मी गप्प बसलो खरा, पण माझं म्हणणं तसूभर मागे घेतलेलं नाही. पोराला नोकरी नाही, म्हणूनच तर पुस्तिका खपते.

दुकान निघालं. शनिवार-रविवारी धरणावर भजी आणि कणसं खायला पुणं लोटतं तेव्हा बरं चालायचं. सोमवार ते शुक्रवार बापलेक आळीपाळीने एकमेकांना चहा द्यायचे. चार महिन्यांत त्याच कंपनीची तीच पाटी हाकेच्या अंतरावर दुसऱ्या कोणाच्या तरी फंडातून लागली. करारात अंतराचा शब्दही नव्हता. कायद्यात व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन दुकानांतलं अंतर आणि बंद पडलेल्या दुकानांचा आकडा, दोन्ही पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायची सक्ती करा आणि मग बघा किती परदेशी शाखा निघतात ते.

शेवटी वहिनी गल्ल्यामागे जाऊन बसल्या. कंपनीची पुडी बाजूला ठेवून त्यांनी घरच्या खलबत्त्यात आलं कुटायला सुरुवात केली. आता मंगळवारीसुद्धा चार माणसं उभी असतात. परवा कंपनीची नोटीस आली. मान्य कृतीत परस्पर बदल केला, पंधरा दिवसांत खुलासा द्यावा. नानांनी ती मोठ्याने वाचून दाखवली. वहिनींनी ऐकून घेतली आणि मुलाला मंडईतून आणखी दोन किलो आलं आणायला पाठवलं.