रतनपूरच्या तटाच्या आतून

मार्क ट्वेनने १८८९ साली एका अमेरिकन कारखान्यातील फोरमन आर्थर राजाच्या दरबारात नेऊन सोडला. डोक्यात पहार बसून तो बेशुद्ध पडतो आणि जागा होतो तो सहाव्या शतकात. ज्या चिलखती वीरांच्या कथांवर इंग्रजी मुलांच्या पिढ्या पोसल्या, ते त्याला स्नानाचे वावडे असलेली, गुलामांच्या श्रमांवर जगणारी थोराड पोरे वाटतात. अखेर विजेच्या तारा आणि यंत्रतोफा लावून तो पंचवीस हजार वीरांचा संहार करतो. ट्वेनने राजाला सोडले नाही, तसे आपल्या फोरमनलाही सोडले नाही.

मराठीत असे पुस्तक का नाही, असे आम्ही येथील मराठी मंडळीत विचारले की उत्तर ठरलेले: आमच्या इतिहासाची टवाळी आम्हांस खपणार नाही. परंतु जयंत नारळीकरांच्या कथेतील गंगाधरपंत, पानिपत मराठ्यांनी जिंकले अशा मुंबईत जाऊन येतात, ते आम्हांस किती खपले! नारळीकरांना विज्ञानातील शक्यता दाखवावयाची होती. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आमच्यासारख्या वाचकांशी आहे. विश्वासरावांना चाटून गेलेली गोळी आम्हांस आठवते. आगंतुक अध्यक्ष गंगाधरपंतांवर श्रोत्यांनी फेकलेले टोमॅटो आठवत नाहीत. (मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी ते विसरावे, हे समजण्याजोगे आहे.)

भिलाईच्या मराठी माणसाला आर्थरच्या दरबारापर्यंत जाण्याचे कारणच नाही. रतनपूर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. आमच्या ब्लास्ट फर्नेसवरील एखादा मराठी फोरमन १७४१ साली तेथे जागा होवो. बाहेर नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांची फौज. आत पुत्रशोकाने खचलेला वृद्ध राजा रघुनाथसिंह. तोफांनी वाड्याचा भाग ढासळतो, पांढरे निशाण वर चढते, लाख रुपयांची खंडणी बसते. फोरमनची भाषा बाहेरच्या छावणीतली. त्याच्या पाळीतील सोबत्यांचे पूर्वज मात्र तटाच्या आत. तो कोठे उभा राहील?

पुढच्याच वर्षी भास्करपंत बंगालवर गेले. त्या स्वारीतील 'बर्गी' हा शब्द मुले निजविताना अद्याप कसा उच्चारतात, ते भिलाईतील कोणाही बंगाली शेजाऱ्यास विचारावे. १७४४ साली अलिवर्दीखानाने भास्करपंतांना भेटीस बोलावून दग्याने मारले, तेवढे आम्ही हळहळून सांगतो.

परप्रांतात राहून स्वजनांची उणी काढावी काय, असे विचारणारे आहेत. आम्ही म्हणतो, ती येथे नाही काढावयाची तर कोठे? पुण्यात बसलेल्याला रतनपूर हे स्वारीच्या वाटेवरील एक नाव आहे; आम्हांस ते शेजारचे गाव आहे. बिंबाजी भोसल्यांनी पुढे तेथेच राहून राज्य केले, रामटेकडीवर राममंदिर बांधले, हेही त्या कादंबरीत खुशाल यावे. मात्र ते तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणी फोरमन तटाच्या आतच जागा झाला पाहिजे, आणि त्याला उठविणाऱ्याने छत्तीसगढीतच विचारले पाहिजे, की बाहेरच्या लोकांची भाषा तुला कशी कळते?