मीटर नको, फाईल दाखवा!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझा सगळ्यात कमी मार्कांचा विषय होता, तेव्हा चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. दुसरं म्हणजे, 'सेकंड-हँड स्पोर्ट्स कार' हा विषय सांगितल्यावर मेसमध्ये आमच्या टेबलावर जोरदार हशा पिकला. ज्यांना वीस तारखेनंतर वडापावचाही हिशोब ठेवावा लागतो, त्यांनी पोर्शेवर लिहायचं म्हणजे काय! पण मित्रांनो, जरा थांबा. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या निम्म्या गाड्या सेकंड-हँडच आहेत, आणि त्या घेताना आपण सगळे जी चूक करतो तीच माझा दादा न्यू जर्सीत बसून करणार होता. फक्त त्याच्या चुकीची किंमत डॉलरमध्ये होती.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. इचलकरंजीच्या घरी त्याच्या खोलीत कपाटाच्या दारावर पोर्शेचं पोस्टर होतं, ते आता पिवळं पडलंय. एम.एस.चं कर्ज गेल्या वर्षी फिटलं आणि साहेबांना पोस्टर आठवलं. २००२ सालची बॉक्सस्टर, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तेही ड्रायव्हरच्या पाठीमागे, वर उघडणारं छप्पर. मीटरवर फक्त ३१ हजार मैल. किंमत म्हणाल तर नव्या होंडा सिव्हिकपेक्षा कमी. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. तर म्हणाला, "अगं, पण चाललीय कुठं? नव्यासारखी आहे. तू मेकॅनिकलला आहेस ना, सांग, घेऊ का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या ब्रँचला गंभीरपणे घेतलं होतं. मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत सल्ल्यांचा पाऊस पडला. त्याचा रूममेट म्हणे, जर्मन गाडी आहे, डोळे मिटून घे. आमच्या वर्गातले गाडीवेडे म्हणाले, त्या इंजिनाचं बेअरिंग जातं, त्यापेक्षा माझदा मियाटा घे. मामीचं एकच, नवी कोरोला घे आणि लग्नाचं बघ. माझं मत असं की तिघेही गाडीच्या नावावर बोलत होते, समोर उभ्या असलेल्या गाडीवर कुणीच बोलत नव्हतं.

बेअरिंगचं प्रकरण खरं आहे, ते सांगायलाच हवं. त्या काळातल्या बॉक्सस्टर आणि ९११ मध्ये एम९६ नावाचं इंजिन होतं. क्रँकशाफ्टकडून फिरणारा एक मधला शाफ्ट त्यात असतो, आणि त्याच्यावरून चेन कॅमशाफ्ट फिरवतात. या शाफ्टच्या एका टोकाला बॉल बेअरिंग आहे. ते सीलबंद, आत ग्रीस भरलेलं. कालांतराने इंजिनातलं गरम ऑईल सीलमधून आत झिरपतं आणि ग्रीस धुऊन नेतं. पण सील असल्यामुळे ताजं ऑईलही धड खेळत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं! मग गोळ्या झिजतात, शाफ्ट हलतो, टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. अमेरिकेत यावर ग्राहकांनी एकत्र खटला भरला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्यात आलेले आकडे असे, की सुरुवातीच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये बिघाड एक टक्क्याच्या आत, आणि नंतरच्या एकेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये आठ टक्क्यांपर्यंत. दादाची २००२ ची म्हणजे एकेरीवाली. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच ठेवला नाही.

आता आठ टक्के जास्त की कमी? साठ जणांच्या वर्गात पाच जण नापास. आमचा एम-थ्रीचा निकाल याहून वाईट लागतो. पण आपल्याला केटी असते, इंजिनाला केटी नसते. गेलं तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला टेकतो. म्हणून नुसती टक्केवारी बघून घाबरणं जसं चूक, तसं 'ब्याण्णव टक्के तर चांगल्या आहेत की' म्हणणंही चूक.

तरीही मला या बेअरिंगची फारशी भीती वाटत नाही. का, तर ते माहीत आहे. ते फ्लायव्हीलच्या बाजूला, क्लचच्या मागे बसतं. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, तेव्हा त्याच वेळी सुधारलेलं बेअरिंग बसवता येतं आणि त्याचं बिल मिळतं. ज्या दोषाचं बिल दाखवता येतं तो दोष मी परवडणारा समजते. उलट या दोषाच्या बोभाट्यामुळेच तर पोस्टरवरची गाडी दादाच्या खिशात बसतेय!

मला खरी भीती वाटली ती त्या ३१ हजार मैलांची. ज्या गोष्टीवर दादा भाळला होता, नेमकी तीच.

हिशोब करा. इतक्या वर्षांत ३१ हजार, म्हणजे वर्षाला दीड हजार मैलसुद्धा नाहीत. गाडी नुसती उभी होती. उभ्या गाडीत रबराचे होज आणि सील कडक होतात, टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर मेलेलं असतं. छोट्या फेऱ्यांत ऑईल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडून जात नाही. ते बेअरिंगसुद्धा कमी चालवलेल्या गाड्यांतच जास्त त्रास देतं, असं अनेक मेकॅनिकांचं म्हणणं आहे.

हे शहाणपण मी स्वतःच्या पैशांनी विकत घेतलंय. फर्स्ट इयरला एका सीनियरकडून स्कूटर घेतली. "फक्त हॉस्टेल ते कॉलेज चाललीय," या वाक्यावर मी खूश. पहिल्याच पावसात ती नाक्यावर बसली. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा, बॅटरी मेलेली. सीनियर तोवर पास होऊन बंगलोरला. फोन उचलतो कोण!

शेवटी उत्तर मिळालं ते मामाकडून. मामाचे यंत्रमाग आहेत. त्याने पोर्शे आयुष्यात पाहिलेली नाही, पण जुने माग डझनावारी घेतलेत. तो म्हणाला, "चालता माग फसवत नाही, बंद माग फसवतो. आणि माग बघायच्या आधी मी विचारतो, जॉबर कोण होता." संपलं! चार सेमिस्टर शिकून जे मला नीट मांडता येत नव्हतं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. दादाने गाडीचा जॉबर शोधायला हवा होता, आणि तो तर मीटर बघत होता.

म्हणून मी दादाला सांगितलं, आधी विकणाऱ्याकडे सर्व्हिसची फाईल माग. दरवर्षी ऑईल बदललंय का, मैल झाले नाहीत म्हणून टाळलंय का? क्लच आणि बेअरिंगचं बिल आहे का? मग गाडी आपल्या मेकॅनिककडे ने, त्याच्या नव्हे. ऑईल फिल्टर कापून घड्यांत धातूचा चुरा आहे का बघायला सांग. टायरवरच्या चार आकडी कोडवरून आठवडा आणि वर्ष वाच.

आणि ईसीयू वाचून घे, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन मर्यादेपेक्षा जास्त किती वेळा फिरलं याची नोंद त्यात असते. रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडू शकतो, पण कुणी पाचव्यातून चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकला तर चाकंच इंजिनाला फिरवतात, तिथे लिमिटर हतबल. शिवाय त्यात इंजिन चालल्याचे तासही असतात. ३१ हजार मैलांना साधारण हजार तास म्हणजे ताशी ३१ मैल, ठीक. अडीच हजार तास निघाले तर ताशी बारा मैल. मग एक तर मालक जन्मभर ट्रॅफिकमध्ये अडकला होता, किंवा मीटर खोटं बोलतंय.

हॉस्टेलमधल्या गाडीवेड्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, एवढी कटकट असेल तर मियाटाच बरी. असेल बरी. पण वीस वर्षं धूळ खात पडलेली मियाटाही मी फाईलशिवाय घेणार नाही. आणि फाईल जाड असेल तर ६० हजार मैलांची बॉक्सस्टर मी ३१ हजारवालीच्या आधी घेईन, जास्त पैसे देऊनसुद्धा. एक अट मात्र आहे. गाडीच्या किमतीइतके नाही तरी निदान तिच्या एक चतुर्थांश पैसे घेतल्यावरही खात्यात शिल्लक हवेत. नसतील तर पोस्टरच बरं.

दादाकडे तेवढे आहेत, कसेबसे. त्याने विकणाऱ्याला फिल्टर कापायचं विचारलं, तर तो आधी चिडला, मग तयार झाला. फाईलमध्ये २०१४ नंतरचं एकही बिल नाही, असं काल कळलं. ईसीयू शनिवारी वाचणार आहेत. मामाला सगळं माहीत आहे, मामीला अजून काहीच सांगितलेलं नाही.